पाककृतीच्या आधी आदली रात्र लिहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या घरच्या जुन्या पाककृती येऊ लागल्या, तेव्हापासून मी त्या कापून ठेवते आहे. खापरावरचे मांडे आले, सांजोऱ्या आल्या, आंब्याचं गोड लोणचं आलं. लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिलं आहे. तरी एक गोष्ट सतत खटकते, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण विषय रोजच्या पोटाचा आहे.

बहुतेक पाककृतींची सुरुवात अशी असते : ‘दोन वाट्या भिजवलेली डाळ घ्यावी’, ‘मोड आलेली मटकी एक वाटी’, ‘आदल्या दिवशीचं आंबट ताक’. संध्याकाळी साडेसहाला कामावरून आलेलं माणूस हे वाचतं आणि पान उलटतं. घरात मटकी असते, पण डब्यात, कोरडी. पाककृती कितीही उत्तम असली तरी त्या घरात त्या दिवशी ती शिजत नाही. दुसऱ्या दिवशीही शिजत नाही, कारण मटकी आठवायची वेळ रात्री साडेनऊची आणि आपण पाककृती शोधतो भूक लागल्यावर.

माझं म्हणणं असं आहे : घरच्या पाककृती लिहून ठेवायच्या तर त्या ‘गोड’, ‘तिखट’, ‘भाज्या’, ‘आमट्या’ अशा लावू नका. कोणत्या पदार्थाला किती आधीपासून हात लावावा लागतो, त्याप्रमाणे लावा. आणि आपण छापताना साहित्याच्याही वर, सगळ्यात आधी, ‘आदल्या रात्री काय’ हे छापा.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमचं घर भुसावळचं, रेल्वेचं. सासरे वाफेच्या इंजिनावर होते, माझे यजमान ड्रायव्हर होते, ज्याला आता लोको पायलट म्हणतात. रनिंग स्टाफच्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर नसते. कॉलबॉय वही घेऊन दारात यायचा, सही घ्यायचा, आणि दोन तासांत माणूस ड्युटीवर हजर पाहिजे. तो दुपारी यायचा, पहाटे तीनलाही यायचा. गाडी इटारसीकडे जाईल की इगतपुरीकडे, परतायला एक रात्र लागेल की दोन, हे तेव्हा कळायचं. घरातल्या बाईनं त्या दोन तासांत त्यांना जेवायला घालायचं आणि सोबत न्यायचा डबाही बांधायचा.

सासूबाई आज नव्वदीच्या घरात आहेत. शाळा चौथीपर्यंत. पण स्वयंपाकाचं जे नियोजन त्यांच्या डोक्यात होतं ते मी नंतर कुठेच पाहिलं नाही. कॉल आला की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, “परत कधी येणार?” त्या उत्तरावर डबा ठरायचा. एका रात्रीचं असेल तर पोळी आणि कोरडी भाजी. दोन रात्रींचं असेल तर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तेलात परतलेला मिरचीचा ठेचा. ओला नारळ नाही, कच्चा कांदा नाही, जिला पाणी सुटतं ती भाजी नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि इंजिनात त्याहून जास्त तापतं, तिथे टिकेल तेवढंच डब्यात. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी सोडल्यावर ड्रायव्हर-गार्ड जिथे विसावा घेतात तिथे, स्वयंपाकी असायचा, त्यामुळे कधी नुसता शिधाच बांधून द्यायचा : डाळ, तांदूळ, मसाल्याची पुडी. त्याचीही मापं ठरलेली.

त्यांच्या डोक्यात सगळ्या पदार्थांचे चार गट होते. त्यांनी असं कधी म्हटलं नाही, आम्ही वही करायला बसलो तेव्हा ते मला दिसले. वर्षाचं, म्हणजे उन्हाळ्यात करून ठेवायचं. आदल्या रात्रीचं, म्हणजे भिजवायचं, विरजायचं, मोड आणायचं. सकाळचं, म्हणजे सकाळी निघताना, जेवणाच्या काही तास आधी हात लावायचा. आणि ऐनवेळचं, म्हणजे घरात भाजी नसली तरी अर्ध्या तासात ताट वाढता येईल असं. खान्देशातल्या घरात हा चौथा गट मोठा असतो. झुणका आहे, पातोड्यांची भाजी आहे, डुबुकवडे आहेत, शेवभाजी आहे, मुगाच्या डाळीची खिचडी आहे. सगळं बेसनावर, डाळीवर आणि डब्यातल्या काळ्या मसाल्यावर चालतं. पण तो काळा मसाला ‘वर्षाचा’ असतो, हे विसरून चालत नाही. उन्हाळ्यात मसाला झाला नाही तर आषाढातली ऐनवेळची शेवभाजी होत नाही. गट वेगळे असले तरी एकमेकांवर उभे आहेत.

वही करायचं निमित्त सूनबाई. ती पुण्यात नोकरी करते, मुलगाही करतो. दोघांना स्वयंपाकाचा कंटाळा नाही. तिची अडचण वेगळी होती. ती म्हणाली, “आई, मला पाककृती नकोत, त्या फोनवर हजार मिळतात. रात्री झोपताना उद्याचं काय करून ठेवू ते सांगा.” मला हे इतकं पटलं की त्याच आठवड्यात आम्ही सासूबाईंची जुनी वही, माझे कागद आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साठलेले सगळ्या नणंदा-जावांचे निरोप एकत्र केले.

फोनमध्ये पाककृती राहत नाहीत, हे इथे सांगून ठेवते. मावससासूबाईंनी बोलून पाठवलेली लोणच्याची रीत होती, ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कुठे गेली ते सापडेना. शेवटी एका नणंदेच्या जुन्या फोनमध्ये मिळाली. तेव्हापासून नियम केला : जे आवाजात आलं ते ऐकून त्याच आठवड्यात कागदावर उतरवायचं, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव वर लिहायचं, आणि मग सूनबाई ते गुगल शीटमध्ये भरते. कागदाची प्रत पारदर्शक खिसे असलेल्या फायलीत ओट्याजवळ असते, तेलाचा हात लागला तरी पुसता येते. शीट शोधायला बरी पडते, फाईल स्वयंपाक करताना.

आता मापांबद्दल. इथे थोडं थांबते, कारण सगळ्या घरांत याच ठिकाणी वही अडते. सासूबाईंच्या वहीतल्या पहिल्या पानांवर मसाल्याची मापं छटाक आणि पावशेर अशी आहेत. आज आपण सहज पावशेर म्हणतो तेव्हा मनात २५० ग्रॅम असतात. पण जुना वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३ ग्रॅम. छटाक ५ तोळ्यांची, म्हणजे ५८ ग्रॅमच्या आसपास. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून बाजारात किलो-ग्रॅम येऊ लागले. त्यामुळे ज्या घरांत १९५५ ते १९६५ च्या सुमारास वही सुरू झाली, तिथे एकाच मसाल्यात धणे छटाकात आणि नंतर वाढवलेली लवंग ग्रॅममध्ये, असं झालेलं असतं. सगळं छटाकात असेल तर बिघडत नाही, प्रमाण तेच राहतं. मिसळ झाली की मसाला बदलतो. धान्याचा तर मापी शेर, पायली, चिपटं, मापटं हे वेगळंच आणि ते गावागणिक कमीजास्त. तेव्हा जुनी वही उतरवताना प्रत्येक ओळीला विचारावं लागतं की हे वजन आहे की माप, आणि कुठल्या काळातलं.

त्याहून अवघड हाताचं माप. सासूबाईंना विचारलं की कळण्याला, म्हणजे भाकरीच्या ज्वारी-उडदाच्या पिठाला, मीठ किती, तर त्या मूठ दाखवतात. आम्ही ओट्यावर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला आणि त्यांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं घ्या, फक्त पिठात टाकायच्या आधी या वाटीत टाका. चार किलो ज्वारी आणि एक किलो सालाचे उडीद, त्यावर त्यांची एक मूठ जाडं मीठ. ते ७० ग्रॅम भरलं. पुढच्या दळणालाही मूठ त्याच्याच आसपास भरली. हाताला माप नसतं असं जे आपण म्हणतो ते खरं नाही. हाताला फार पक्कं माप असतं, ते आपण कधी काट्यावर घेत नाही इतकंच. ज्यांच्या घरात अशी जुनी माणसं आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे काम यंदाच करावं. त्यांना लिहायला सांगू नका, आठवायला सांगू नका. त्यांना करू द्या आणि तुम्ही तोला.

कुणी म्हणेल की ग्रॅममध्ये लिहिल्यानं हाताची चव जाते. मला तसं वाटत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला करणारा स्वतःच्या जिभेनं कमीजास्त करायला लागतो, काटा मागे पडतो. पण पहिल्या खेपेला ‘चवीनुसार मीठ’ हे वाचून नवख्याला काहीच कळत नाही. ज्यानं कळण्याची भाकरी कधी खाल्ली नाही त्याची चव कोणती?

वेळ लिहिताना ऋतू लिहावा लागतो, हेही याच कामात स्पष्ट झालं. मटकी रात्री भिजवली, सकाळी उपसून फडक्यात बांधली की भुसावळला एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत मोड येतात. जास्त ठेवली तर आंबूस वास धरते. पुण्यात डिसेंबरमध्ये त्याच मटकीला आणखी एक रात्र लागते. सूनबाईच्या कार्डावर आम्ही लिहिलं : ‘थंडीत दोन रात्री आधी, उन्हाळ्यात एक रात्र, गार पाण्यानं एकदा धुवून पुन्हा बांधायची.’ विरजणाचं तेच. छापील पाककृतीत नुसतं ‘आठ तास’ असतं. कुणाच्या गावचे आठ तास, कुठल्या महिन्यातले?

वर्षाच्या गटाबद्दल मला विशेष लिहायचं आहे. वाळवण म्हटलं की आता ते हौसेचं वाटतं, प्रदर्शनात विकत घ्यायचं वाटतं. आमच्याकडे ते पावसाळ्याच्या जेवणाचं नियोजन होतं. आषाढ-श्रावणात भाजी महाग होते, पालेभाजीला माती येते, आठवडे बाजार पावसात वाहून जातो. त्या दोन महिन्यांची भाजी चैत्र-वैशाखातच करून डब्यांत भरलेली असायची : सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी. कुरडई आपण तळून खातो, पण ती भिजवून कांद्यावर परतली की चार माणसांची भाजी होते, आणि ती पावसाळ्यासाठीच असते. चातुर्मासात ज्यांच्याकडे कांदा-लसूण-वांगी बंद असतात त्यांना तर हा साठा लागायचाच. म्हणून कांदेनवमीला कांद्याचं सगळं करून संपवायचं, चंपाषष्ठीला नव्या वांग्याचं भरीत करायचं. पंचांग हेच घराचं जेवणाचं वेळापत्रक होतं.

आणि या गटाला सगळ्यात जास्त ‘आधी’ लागतं. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून चीक मापायचा आणि जितका चीक तितकंच पाणी आधणाला ठेवायचं. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालून मोकळं व्हायचं. आमच्या बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, ज्वारी ओलवून, कांडून कोंडा काढायचा, मग भिजत घालायची, मग रवाळ दळायची, तीळ-लसूण-मिरची-जिरं घातलेल्या आधणात शिजवायची आणि ओल्या फडक्यावर हातानं थापायची. वाळल्यावर फडकं उलटं करून पाणी शिंपडायचं तेव्हा त्या सुटतात. हे सगळं सुट्टीच्या दोन दिवसांत कसं बसेल? बसतं, जर भिजवण्याचा दिवस बुधवार आहे हे कुणीतरी आधी भिंतीवर लिहिलं असेल तर. मुलगा-सून दोघं मिळून आता दर वर्षी थोड्याशा कुरडया पुण्याच्या गच्चीवर घालतात, आणि त्यांचा बुधवार मार्चमध्येच ठरलेला असतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारीच्या केकच्या आणि पास्त्याच्या पाककृती सगळीकडे आल्या. ज्वारी वर्षभर ताटात कशी राहायची, ते मात्र बिबड्यांत आणि कळण्यात होतं. ते कुणी छापलं असतं तर मला आनंद झाला असता.

आठवड्याचं नियोजन आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर करतो. त्या चौकटीत पूर्वी दुधाचे खाडे आणि गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख असायची, आता शेजारी एक ओळ असते. ती ओळ ‘उद्या काय जेवायचं’ अशी नसते, ‘आज रात्री काय करून ठेवायचं’ अशी असते. ‘मटकी’. ‘विरजण जास्त’. ‘उडीद-ज्वारी दळणाला काढ’. पदार्थ आधीपासून बांधून टाकलेले नाहीत. एक दिवस मोडाचं कडधान्य, एक दिवस पालेभाजी, एक दिवस पिठाची भाजी, एक दिवस भात-कढी किंवा खिचडी, आणि आठवड्यातले उरलेले दिवस मोकळे. त्या मोकळ्या दिवशी उरलेलं खायचं किंवा मनात येईल ते. मोकळे दिवस नसतील तर कुठलंही वेळापत्रक महिनाभरही चालत नाही, हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना माहीत असेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. चार मोठ्या माणसांच्या घरात म्हणजे रोज ३४० ग्रॅम डाळ-कडधान्य. आम्ही वही वजनात लिहिली होती म्हणून हे पडताळता आलं. ज्या दिवशी फुनके-कढी (तूरडाळीचे वाफवलेले गोळे आणि कढी) किंवा मोडाची उसळ असते त्या दिवशी आकडा गाठला जातो, नुसत्या पोळी-भाजीच्या दिवशी निम्म्यानंही गाठला जात नाही. तेव्हापासून पोळी-भाजीच्या दिवशी सोबत घट्ट वरण ठेवायचं असं ठरलं. वाट्यांच्या आणि मुठींच्या वहीतून हे कधी कळलं नसतं.

यात माझ्या मनाला सगळ्यात जवळची गोष्ट कोणती, तर ती रात्रीची ओळ कुणीही वाचू शकतं. पूर्वी ती फक्त बाईच्या डोक्यात असायची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. ही झाली हातांची मिनिटं. भाजी चिरताना, बसमध्ये, ऑफिसात, देवासमोर बसलेलं असतानाही जो ‘उद्या काय करू’ चालतो, तो कुठल्या घड्याळात बसणार? माझ्या पिढीतल्या बायकांनी तो चाळीस-चाळीस वर्षं एकटीनं वाहिला आहे. भिंतीवर ‘मटकी’ लिहिलेलं असलं की मुलगा झोपायच्या आधी मटकी भिजवतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही, आणि सूनबाईला आठवण ठेवावी लागत नाही. स्वयंपाक येणं ही मोठी गोष्ट आहे, पण आठवण ठेवण्याचं काम वाटून घेतलं जाणं ही मला त्याहून मोठी वाटते.

म्हणून, संपादक महाशय, माझ्या काही विनंत्या आहेत.

पाककृती छापताना ती किती माणसांची आहे आणि कोणत्या महिन्यात करायची आहे हे वर द्यावं. आदल्या रात्री किंवा सकाळी काय करायचं ते ठळक अक्षरात द्यावं. मुख्य जिन्नसांची वजनं ग्रॅममध्ये द्यावीत, वाटी-चमचा हवा तर सोबत असू द्या. आणि शेवटी ‘उरलं तर’ अशी एक ओळ द्यावी. जुन्या घरांत पदार्थ एकटा शिकवलाच जात नव्हता. जास्तीचं वरण लावलं की दुसऱ्या दिवशी वरणफळं, रात्रीच्या भाकरीचा सकाळी फोडणीचा कुस्करा, हे त्या पदार्थाचंच पुढचं पान असायचं. उरलेलं लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं, एवढंच आता त्यात वाढवायला हवं. भात तर रात्रभर ओट्यावर राहूच नये.

सणाच्या पदार्थांसोबत साध्या दिवसाचं जेवणही छापावं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे-आमरस सगळ्यांनाच आठवतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, करायला दहा हात असतात. त्याच घरात भाद्रपदातल्या एखाद्या मंगळवारी, बाजार झालेला नसताना, दोन माणसं काय जेवायची? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि वर्षातले बहुतेक दिवस तसेच असतात.

सांगणाऱ्याचं नाव छापावं. वाचक पाठवतात ती पाककृती बहुधा त्यांच्या सासूची, आत्याची, शेजारणीची असते. छापून मात्र पाठवणाऱ्याचं नाव येतं. गाव आणि तालुकाही द्यावा, कारण यावलकडचं भरीत आणि धुळ्याकडचं भरीत एक नसतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या वांग्याचं भरीत तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून कसं करायचं, हे ज्या हातांना येतं त्या हातांचंही नाव कुठेतरी नोंदलं जावं.

आणि पाककृती स्पर्धेच्या जाहिरातीतून ‘फक्त महिलांसाठी’ हे शब्द काढावेत. माझ्या मुलानं पाठवायचं म्हटलं तर त्याला आपल्या पानावर जागा नाही. रनिंग रूममध्ये आयुष्य काढलेले कितीतरी निवृत्त लोक आमच्या गल्लीत आहेत, ज्यांना दोन भांड्यांत तीन माणसांचं जेवण करता येतं. त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही.

मी म्हणते त्या पद्धतीनं लिहिलेली एक पाककृती खाली देते. आपल्याला ठीक वाटली तर आमची पूर्ण फाईल पाठवायला मी तयार आहे.

फुनके-कढी, चार माणसांची. सांगणाऱ्या आमच्या सासूबाई, भुसावळ. महिना कोणताही. आदल्या रात्री : अर्धा लिटर दुधाला विरजण, थंडी असेल तर पातेलं कणकेच्या डब्याशेजारी झाकून. सकाळी निघताना : ३०० ग्रॅम तूरडाळ धुवून भिजत, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. संध्याकाळी : डाळ पूर्ण निथळून आठ हिरव्या मिरच्या, बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं यांच्यासोबत पाणी न घालता जाडसर वाटावी. त्यात एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर (आमच्या काट्यावर २५ ग्रॅम), पाव चमचा हळद, ८ ग्रॅम मीठ. मुठीत दाबून लांबट गोळे करावेत, तेल लावलेल्या चाळणीवर झाकून वीस मिनिटं वाफवावेत. तेवढ्यात दह्याचं ताक करून दोन चमचे बेसन, लसूण, कढीपत्ता घालून कढी. ताटात फुनके गरम असतानाच कुस्करून त्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि मग कढी. उरलं तर : फुनके फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी चुरून कांद्याच्या फोडणीवर परतावेत, डब्याला कोरडी भाजी होते. कढी उरवू नये.

कळावे,

आपली एक नियमित वाचक,
भुसावळ, जि. जळगाव